जुन्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्क जोडताना काय काय बघायचं

हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. एक म्हणजे जुन्या मशीनची डिस्क गेली, आता नवीन टाकली तर चालेल का. दुसरा उलटा, जुन्या डिस्कमधे फोटो आणि फायली अडकल्यात आणि आताच्या मदरबोर्डवर ती रुंद पट्टा केबल लावायला जागाच नाहीये. दोन्हीला बहुतेक वेळा "हो, जमतं" असंच उत्तर आहे, पण मधे चार गोष्टी जुळाव्या लागतात: प्लग, पॉवर, दोघांचा बोलायचा वेग आणि पत्त्यांची मोजणी. नवीन माणूस फक्त प्लग बघतो. प्लग बसला, डिस्क फिरायला लागली, बायोसमधे (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) नाव दिसलं, की काम झालं असं वाटतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान नेमकं तिथून पुढे होतं.

माझ्या बाबतीत झालेलं सांगतो म्हणजे मी मोजणीवर एवढा जोर का देतोय ते कळेल. १६० जीबीची डिस्क होती, मी ती नव्या मशीनवर पार्टिशन (म्हणजे डिस्कचे भाग) करून, फॉरमॅट मारून मग जुन्या मशीनमधे बसवली. पूर्ण १६० दिसत होते, कित्येक महिने व्यवस्थित चालली. मग डिस्क भरत भरत १३७ जीबीच्या पुढे गेली आणि एक दिवस सगळे फोल्डर गायब. झालं असं की जुन्या सिस्टीमला १३७ च्या पुढचा पत्ता लिहिताच येत नव्हता, आकडा गोल फिरून परत शून्यापासून सुरू झाला आणि नवीन फायली थेट डिस्कच्या सुरुवातीवर, म्हणजे जिथे फायलींची यादी असते तिथे लिहिल्या गेल्या. केबल बरोबर, जम्पर (डिस्कच्या पिनांवर बसवायची छोटी टोपी, तिने सेटिंग ठरते) बरोबर, डिस्क धडधाकट, तरी डेटा गेला. त्यामुळे खालचा क्रम कंटाळवाणा वाटला तरी कृपया सगळा करा.

पहिली पायरी, स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी. जुन्या डिस्कमधे काही महत्त्वाचं असेल तर तिच्यावर प्रयोग करायचे नाहीत. जोडल्यावर विंडोजने "इनिशियलाइझ करू का" किंवा "फॉरमॅट करू का" असं विचारलं तर कॅन्सल, कितीही वेळा विचारलं तरी कॅन्सल. त्या प्रश्नाचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा होत नाही, विंडोजला ती वाचता आली नाही एवढाच होतो. वाचता आली की आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी. डिस्क कटकट आवाज करत असेल किंवा मधेच अडकत असेल तर फायली एकेक करून ओढत बसू नका, लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं टूल आहे, ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब भागाकडे शेवटी परत येतं, त्याने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढा आणि मग इमेजवर काय करायचं ते करा. आणि मेन स्विच बंद करून वायर भिंतीतून काढल्याशिवाय कॅबिनेटमधे हात घालायचा नाही, आयडीई डिस्क (ती रुंद पट्टा केबलवाली जुनी जात) तर चालू मशीनमधे कधीच काढा-घाला करायची नाही, ती त्यासाठी बनलेलीच नाहीये.

आता डिस्क ओळखा. मागची बाजू बघा. एल आकाराच्या दोन चपट्या पट्ट्या शेजारी शेजारी, छोटी ७ संपर्कांची आणि मोठी १५ ची, ती साटा. २० च्या दोन ओळीत ४० टोकदार पिन आणि बाजूला ४ जाड पिनांचा पॉवर सॉकेट, ती साडेतीन इंची आयडीई, हिलाच पाटा पण म्हणतात. लॅपटॉपची अडीच इंची आयडीई असेल तर पिन बारीक आणि ४४ असतात, पॉवर त्यातूनच जाते, वेगळा सॉकेट नसतो. इथे एक मोठी गल्लत होते: त्या ४४ च्या शेजारी थोडी जागा सोडून अजून ४ पिन असतात, त्या जम्परसाठी आहेत, आणि घाईत कनेक्टर सरकून त्यांच्यावर बसला तर पॉवर भलत्या पिनला जाते आणि डिस्क जळू शकते. उजेडात बघून लावा. साटासारखीच दिसणारी पण दोन पट्ट्यांमधली फट भरलेली असेल तर ती सॅस आहे, सर्व्हरची, ती साध्या साटा पोर्टला चालत नाही (उलटं चालतं, सॅस कंट्रोलरला साटा डिस्क लागते). ५०, ६८ किंवा ८० पिनांची असेल तर स्कझी (जुन्या सर्व्हरमधे असायची ती जात), तिचं शेवटी सांगतो. आणि ३४ आणि २० असे दोन वेगवेगळे पट्टे लागणारी असेल तर ती १९८० च्या दशकातली एमएफएम (आयडीईच्या आधीची जात) किंवा तिच्या पिढीतली डिस्क आहे, त्या काळात बहुतेक वेळा डेटा कुठल्या पद्धतीने लिहायचा हे डिस्क ठरवायची नाही, बाहेरचं कंट्रोलर कार्ड ठरवायचं, त्यामुळे ती वाचायला तेच कार्ड किंवा त्याच जातीचं कार्ड लागतं. कार्ड फेकू नका एवढंच सांगेन.

आयडीईवर जरा थांबू कारण नव्या लोकांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. एका केबलवर दोन डिस्क राहू शकतात, एक मास्टर एक स्लेव्ह, आणि कोण कोण आहे हे डिस्कवरच्या छोट्या जम्परने ठरतं. दोन्ही मास्टर ठेवल्या तर दोन्ही गायब होतात नाहीतर बायोस लटकतं. नकाशा बहुतेक डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो. एक खास बाब म्हणजे वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच आयडीई डिस्कवर "मास्टर" आणि "सिंगल" अशा दोन वेगळ्या सेटिंग असतात. डिस्क केबलवर एकटीच असेल तर जम्पर काढून टाकायचा, मास्टरवर ठेवला तर ती नसलेल्या स्लेव्हची वाट बघत बसते आणि डिस्क मेली असं आपल्याला वाटतं. डिस्क दिसत नाही म्हणून कोणी आलं की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

तिसरी सेटिंग केबल सिलेक्ट, म्हणजे जागेवरून ठरू द्यायचं. ती नीट चालायला ८० तारांची केबल घ्या. दिसायला पिन ४० च असतात पण पट्ट्यातल्या तारा दुप्पट आणि बारीक असतात, जास्तीच्या सगळ्या ग्राउंडच्या, शेजारच्या तारांचा गोंधळ एकमेकांत मिसळू नये म्हणून. निळं टोक मदरबोर्डला, काळं शेवटचं टोक मास्टरला, करडं मधलं स्लेव्हला. एकच डिस्क असेल तर शेवटच्या काळ्या टोकाला लावा, मधल्याला लावून टोक लोंबकळत ठेवलं की सिग्नल त्या मोकळ्या तारेतून परत उसळतो आणि चुका येतात. ४० तारांच्या जुन्या केबलवर वेग ३३ एमबी प्रति सेकंदाला थांबतो, ६६, १०० आणि १३३ साठी ८० वालीच हवी. लांबी १८ इंचापर्यंत, त्याहून लांब गोल सुंदर केबली मिळतात त्यांच्या नादी लागू नका. लाल रेघ म्हणजे पिन १ ची बाजू, ती बहुतेक वेळा पॉवर सॉकेटकडे येते. बऱ्याच केबलींमधे २० नंबरचं भोक बुजवलेलं असतं म्हणजे उलटी बसत नाही, पण काही खूप जुन्या मदरबोर्डवर ती २० नंबरची पिन काढलेली नसते, मग नवी केबल बसतच नाही, तिथे जोर लावू नका, भोक न बुजवलेली केबल शोधा.

अजून एक इथलंच. विंडोज एक्सपीमधे डिस्क अचानक खूप संथ झाली, फाईल कॉपी करताना माऊस पण अडखळायला लागला, तर डिव्हाइस मॅनेजरमधे त्या आयडीई चॅनलचा मोड बघा. एक्सपी ठराविक चुका, साधारण ६, मोजून झाल्या की डीएमएच्या (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेणारी वेगवान पद्धत) वेगाची एकेक पायरी खाली येतं आणि शेवटी पीआयओवर (सगळा डेटा प्रोसेसरमधून नेणारी संथ पद्धत) जातं, आणि केबल बदलली तरी आपणहून वर जात नाही. आधी केबल बदला, मग तो चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन रिस्टार्ट करा, परत ओळखला की वेग येतो.

पुढचं, कन्व्हर्टर. जुन्या आयडीई बोर्डला नवीन साटा डिस्क लावायची असेल तर छोटी पट्टी मिळते, ती चांगली चालते, पण घेताना दिशा बघून घ्या. साटा डिस्क आयडीई बोर्डला लावणारी वेगळी आणि आयडीई डिस्क साटा बोर्डला लावणारी वेगळी, दोन्ही फोटोत सारख्याच दिसतात. काहींवर दिशा बदलायचा स्विच किंवा जम्पर असतो, त्या दोन्हीकडे चालतात. बोर्डवर पीसीआय स्लॉट (जास्तीचं कार्ड खोचायची खाच) रिकामा असेल तर साटाचं पीसीआय कार्ड मला जास्त आवडतं, कारण त्याचं स्वतःचं बायोस असलं तर मदरबोर्डच्या बायोसच्या मर्यादा मधे येत नाहीत. फक्त कार्डचा ड्रायव्हर तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आहे का ते घ्यायच्या आधी बघा.

पॉवर. जुन्या एसएमपीएसला (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) साटाचं टोक नसतं, मोलेक्स असतं, ४ तारांचं, पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. मोलेक्समधून साटा काढायची वायर मिळते. घेताना साटाच्या टोकाकडे नीट बघा, ज्यात प्लास्टिक ओतून तारा आत गाडलेल्या असतात तशी घेऊ नका, त्यात तारा आत एकमेकींना टेकून वितळल्याच्या आणि पेट घेतल्याच्या केसेस झाल्यात. ज्यात प्रत्येक तार वेगळी दाबून बसवलेली दिसते आणि मागचं झाकण निघतं तशी घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, हे आगीचं काम आहे.

आणि आता एक अशी भानगड जी नव्या मोठ्या डिस्क घेणाऱ्यांना हमखास भेटते. डिस्क जोडली, काहीच आवाज नाही, फिरतच नाही, परत करायला निघतात. जरा थांबा. साटाच्या पॉवर टोकात ३.३ व्होल्टच्या पिन होत्या, त्या फारसं कोणी वापरत नव्हतं, मग २०१६ च्या साटा ३.३ मधे त्यातल्या ३ नंबरच्या पिनला नवीन काम दिलं: तिथे व्होल्टेज आलं की डिस्क बंद राहायची, म्हणजे सर्व्हरमधे लांबून डिस्क बंद-चालू करता यावी. जुना एसएमपीएस तिथे बिचारा कायम ३.३ देत राहतो, आणि ही सोय असलेली डिस्क, जी सर्व्हरच्या मोठ्या डिस्कमधे आणि बाहेरच्या यूएसबी डब्यातून काढलेल्यांमधे जास्त सापडते, त्याला "बंद रहा" असा हुकूम समजते. उपाय सोपा आहे, वर सांगितलेली चांगली मोलेक्सची वायर वापरा, मोलेक्समधे ३.३ नसतंच. काही जण डिस्कच्या पहिल्या तीन संपर्कांवर कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावतात, ते पण चालतं, पण नवख्याने वायरच घ्यावी.

तिसरी जुळणी वेगाची. साटा आपसात बोलून वेग ठरवतं, १.५, ३ की ६ गिगाबिट, आणि नवी डिस्क जुन्या पोर्टला आपणहून हळू होते, निदान व्हायला हवी. पण सुरुवातीच्या काळातले काही चिपसेट (मदरबोर्डवरच्या, डिस्कचं पोर्ट सांभाळणाऱ्या चिप) इथे अडकतात: व्हिया कंपनीचे व्हीटी८२३७, व्हीटी८२३७आर, व्हीटी६४२०, आणि एसआयएसचे ७६० आणि ९६४. ३ गिगाबिटची डिस्क लावली तर यांना ती दिसतच नाही. त्या काळच्या बऱ्याच डिस्कवर १.५ वर बांधून ठेवायचा जम्पर दिलेला असायचा, तो लावला की लगेच दिसते. आजच्या डिस्कवर आणि एसएसडीवर तो जम्पर सहसा नसतोच, मग अशा बोर्डवर डोकं फोडत बसू नका, पीसीआय कार्ड टाका.

आता मोजणी, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. डिस्कवरच्या प्रत्येक ५१२ बाइटच्या कप्प्याला नंबर असतो आणि नंबर लिहायला बायोसने, डिस्कने, ऑपरेटिंग सिस्टीमने किती जागा ठेवलीय त्यावर मर्यादा ठरते. सगळ्यात जुनी भिंत ५२८ एमबीची, १०२४ सिलिंडर गुणिले १६ हेड गुणिले ६३ सेक्टर (डिस्कवरची जागा सांगायचे जुने तीन आकडे), बायोस आणि आयडीई दोघांचा लहानातला लहान आकडा घेतला की एवढंच उरतं. मग ८.४ जीबीची. मग ३३.८ जीबीची, ही विचित्र आहे कारण काही बायोस इथे कमी साइज दाखवत नाहीत, डिस्क ओळखतानाच गोठून जातात, म्हणून त्या काळच्या डिस्कवर साइज ३२ जीबी भासवायचा जम्पर असायचा. (याचं उलटं टोक म्हणजे, कुठूनतरी आलेली ८० ची डिस्क नव्या मशीनमधे पण ३२ च दाखवत असेल तर तो जम्पर लागलेला राहिलाय का बघा.) मग २८ बिटची भिंत, २ चा २८ वा घात गुणिले ५१२, म्हणजे १३७ जीबी, विंडोज हिला १२८ दाखवतं. ही तोडणारी ४८ बिटची पद्धत २००२ च्या एटीए-६ मधे आली. आणि शेवटची २.२ टीबी, ती जुन्या एमबीआर पार्टिशन टेबलची (डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत त्याची यादी), तिच्या पुढे जीपीटी नावाची नवी यादी लागते, आणि ३२ बिट एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही.

इथे करायचं काय ते क्रमाने सांगतो. बायोसमधे जाऊन ऑटो डिटेक्ट करा आणि दिसणारी साइज लेबलवरच्या साइजशी ताडून बघा, कमी दिसली तर मदरबोर्डचं शेवटचं बायोस अपडेट शोधा. मग ऑपरेटिंग सिस्टीम: १३७ च्या पुढे जायला एक्सपीला निदान सर्व्हिस पॅक १ हवा, विंडोज २००० ला सर्व्हिस पॅक ३ आणि शिवाय रजिस्ट्रीत एनेबलबिगएलबीए ही किंमत १ करावी लागते, विंडोज ९८ चा मूळ ड्रायव्हर १३७ च्या पुढे जातच नाही. विंडोज ९५ तर ३२ जीबीलाच थांबतं. यात कुठेही शंका असेल तर सरळ १२० जीबीची डिस्क किंवा एसएसडी घ्या आणि विषय संपवा, जुन्या मशीनला त्याहून जास्त जागा क्वचितच लागते. मोठीच घ्यायची असेल तर पार्टिशन त्याच मशीनवर, त्याच सिस्टीममधून करा, माझ्यासारखं दुसरीकडून करून आणू नका. बायोस लहान पण सिस्टीम सक्षम असं असेल, उदाहरणार्थ लिनक्स, तर बूट पार्टिशन छोटं आणि अगदी सुरुवातीला ठेवा, कारण बायोस फक्त चालू होईपर्यंत लागतं, नंतर लिनक्स स्वतः मोजतं. खूप जुन्या आयएसए स्लॉटच्या (पीसीआयच्या आधीची खाच) मशीनसाठी एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो रॉम चिपमधे टाकून कार्डावर बसवला की बहुतेक सगळ्या जुन्या भिंती जातात, हौशी लोकांनी सांभाळलेलं फार मोलाचं काम आहे ते.

साटा बोर्डवर एक्सपी टाकताना निळी स्क्रीन आली आणि कोडच्या शेवटी ७बी असेल तर बायोसमधे साटाचा मोड एएचसीआयवरून (साटाची नवी पद्धत, तिचा ड्रायव्हर एक्सपीत नसतो) आयडीईवर करा. आणि साधारण २०१० नंतरच्या डिस्क आतून ४०९६ बाइटचे कप्पे वापरतात आणि बाहेर ५१२ चं सोंग घेतात, एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून करतं, त्यामुळे प्रत्येक लिहिणं दोन कप्प्यांवर पडतं आणि डिस्क विनाकारण संथ होते. हा एक अपवाद आहे जिथे पार्टिशन नव्या टूलने, २०४८ व्या सेक्टरपासून, करून घेणं बरं, फक्त वरची साइजची मर्यादा आधी तपासून.

जुनी डिस्क नव्या मशीनला लावायची असेल तर यूएसबीचा आयडीई-साटा अडॅप्टर सगळ्यात सोपा. साडेतीन इंचीला १२ व्होल्ट लागतात जे यूएसबीत नसतात, म्हणून सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या. आयडीई डिस्कचा जम्पर मास्टर किंवा सिंगल करा, स्लेव्हवर राहिली तर बरेच अडॅप्टर ओळखत नाहीत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या, काही शे एमबीच्या डिस्क यूएसबीवर दिसल्याच नाहीत तर लगेच मेल्या समजू नका, त्यांना सिलिंडर-हेड-सेक्टर वाली जुनीच मोजणी कळते आणि अडॅप्टर फक्त नवी बोलतो, खऱ्या आयडीई पोर्टच्या जुन्या मशीनमधे लावून बघा. डिस्क दिसते पण पार्टिशन वेडंवाकडं दिसतं असं झालं तर त्या काळी ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझी-ड्राइव्ह असला प्रोग्राम टाकून साइजची भिंत ओलांडली असण्याची शक्यता आहे, तेव्हा ती तिच्याच प्रोग्राममधून बूट करून वाचायला लागते. तसंच २ टीबीच्या पुढची यूएसबी डिस्क डब्यातून काढून थेट साटाला लावली आणि रिकामी दिसली तर घाबरू नका, काही डबे बाहेर ४०९६ चे कप्पे दाखवतात आणि पार्टिशन त्या हिशोबाने केलेलं असतं, परत त्याच डब्यात घाला, डेटा तिथेच असतो.

एसएसडी टाकायची तर एक्सपीला ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली ते एसएसडीला कळवायची सोय) कळत नाही, ते विंडोज ७ पासून आलं, तरी चालते, थोडी जागा पार्टिशन न करता मोकळी सोडा. आयडीई मशीनला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड पण छान चालतं, कारण ते मुळात आयडीईचीच भाषा बोलतं, अडॅप्टरमधे चिप सुद्धा नसते, फक्त पिना जोडलेल्या. एम.२ (छोट्या पट्टीसारखी एसएसडी) घेताना ती साटा आहे की एनव्हीएमई (साटाहून वेगळी, नवी जात) ते विचारा, जुन्या बोर्डला स्लॉटच्या कार्डवरून एनव्हीएमई लावली तर सिस्टीममधे दिसेल पण जुनं बायोस तिच्यावरून बूट करणार नाही.

स्कझीचं राहिलं होतं. साखळीतल्या प्रत्येकाला वेगळा आयडी नंबर, ७ बहुतेक कंट्रोलरचा असतो तो सोडून. टर्मिनेटर (सिग्नल टोकावरून परत उसळू न देणारा तुकडा) साखळीच्या दोन्ही टोकांना आणि फक्त टोकांना, मधे एकही नको. आणि लेबलवर एचव्हीडी (जास्त व्होल्टेजची स्कझी) लिहिलं असेल तर ती एलव्हीडी (कमी व्होल्टेजची) किंवा साध्या कंट्रोलरला चुकूनही लावू नका, प्लग बसतो पण व्होल्टेज वेगळं असतं, डिस्क आणि कार्ड दोन्ही जाऊ शकतात.

सगळं करूनही काही दिसत नसेल तर मदरबोर्डचा नाण्यासारखा सेल बदला, बहुतेक बोर्डवर सीआर२०३२ असतो. जुन्या मशीनमधे डिस्कची मोजमापं बायोस त्याच्या जोरावर लक्षात ठेवतं, सेल मेला की दर वेळी विसरतं आणि काल चाललेली डिस्क आज गायब होते.